मागे शिंगं असलेला बैल

विदर्भातल्या तुमसरात पारख्यांना तोटा नाही. धानाचं पोतं बाजार समितीच्या आवारात पडलं की व्यापारी त्यात टोकदार लोखंडी नळी खुपसतो, तळहातावर घरंगळलेल्या मूठभर दाण्यांतले दोन-चार तोंडात टाकतो, दाढेखाली कसा आवाज येतो ते ऐकतो आणि आकडा बोलतो. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर आहे की खाली, भरडाईत तांदूळ अख्खा निघेल की तुकडा पडेल, हे त्याची दाढ सांगते. सरकारी खरेदी केंद्रावरचं यंत्र मागाहून तेच सांगतं, फक्त त्याला सेल लागतात. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथेही दगडाच्या तोंडाकडे पाहून भाव ठरत नाही. नमुना फोडतात, त्याची पूड करतात, प्रयोगशाळेत नेतात आणि त्यात मँगनीज किती टक्के ते काढतात. दोन्हीकडे रीत एकच, पारख करायची तर माल थोडा मोडावा लागतो. न चावता, न फोडता, नुसतं वरवर पाहून किंमत सांगणारा माणूस या भागात एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर वरपक्षाकडचा.

आता अशा गावात एखाद्या विज्ञानकथा-मालिकेतल्या अंतराळयानाची प्रतिकृती, म्हणजे संग्राहकांसाठी बनवलेली, कपाटात ठेवायची, पारखायला आली तर काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका परग्रहावरचा नाही. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागत असे. १९९८ साली ‘कॅप्टन व्योम’मधून मिलिंद सोमण देशी अंतराळात गेला. ते डोळे फाडून पाहणारी पोट्टी आता कर्जाचे हप्ते भरायच्या वयाची झाली आहेत आणि पोरांच्या नावावर स्वतःसाठी खेळणी मागवण्याइतकी धीट. बाजारानंही त्यांची सोय केली. ईगलमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीनं २०१३पासून ‘स्टार ट्रेक’मधली यानं मासिकाच्या अंकांसारखी एकामागून एक विकायला काढली. यानाचा काही भाग धातूचा, काही प्लास्टिकचा, उभं करायला एक टेकू, आणि सोबत त्या यानाची कुंडली सांगणारं पुस्तक. दीडशेच्या वर यानं काढून २०२२ साली कंपनीच बुडाली, आणि बुडाल्याबरोबर तिचा माल ‘दुर्मीळ’ झाला. राईस मिल बुडाली म्हणून तिचा कोंडा कुणी काचेच्या कपाटात ठेवल्याचं ऐकिवात नाही. पण संग्राहकांचं अर्थशास्त्र वेगळं असतं, आणि त्यांची पारख तर त्याहून वेगळी.

त्या पारखीचा पहिला प्रश्न यानाबद्दल नसतोच. तो खोक्याबद्दल असतो. खोका उघडला आहे का? कोपरा दबला आहे का? आतला पारदर्शक साचा पिवळा पडला आहे का? यान कधीच बाहेर काढलं नसेल तर ते ‘मिंट’, म्हणजे टांकसाळीतून आत्ता पडलेल्या नाण्यासारखं. एकदा काढून, हळूच फिरवून, परत ठेवलं असेल तर ते जवळजवळ मिंट. आणि एखाद्या लेकरानं ते हातात धरून ‘झुंऽऽ’ केलं असेल तर ते यान संपलं, त्याचा मालक आता केवळ बाप उरला. खेळण्यांना शंभरापैकी गुण देणाऱ्या कंपन्या परदेशात आहेत. त्या खेळणं तपासतात, ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचं बंद करतात आणि वर आकडा चिकटवतात. पेटी फोडली की आकडा गेला. म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र मिळालेल्या खेळण्याला पुन्हा कुणी कधीही हात लावणार नाही, याची हमी म्हणजेच दर्जा. काही यानांत दिवे लागतात, त्यांसाठी तळाशी सेलचा कप्पा असतो. पण सेल गळून यान खराब होईल म्हणून जाणता संग्राहक तो कप्पा रिकामाच ठेवतो. डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघणारं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. तालुक्यातून माल निघाला, सेल बनला, दुकानात आला, आणि दिवा मात्र लागायचा नाही, कारण दिवा लागला तर किंमत कमी होते.

हीच रीत धानाला लावून पाहावी. शेतकऱ्यानं पोतं शिवून आणायचं, व्यापाऱ्यानं शिवणीचे टाके मोजायचे, पोत्यावरचा छाप वाचायचा, पोत्याचा कोपरा दबला म्हणून क्विंटलमागे दोनशे तोडायचे, आणि आत धान आहे की पोचा हे पाहायची मागणी कुणी केली तर त्याला अडाणी म्हणायचं. असा व्यवहार बाजारात एक दिवस टिकणार नाही. संग्राहकांच्या जगात तो कित्येक वर्षं टिकला आहे. माझं म्हणणं असं की ही पारख नुसती विचित्र नाही, ती चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे याचा पुरावा खुद्द त्याच बाजारात, तोही अगदी वरच्या मजल्यावर ठेवलेला आहे.

पण आधी खोक्याची बाजू मांडणाऱ्यांचं ऐकायला हवं, कारण त्यांच्याकडेही एक जबरदस्त दाखला आहे. १९७७च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला आणि खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीची दाणादाण उडाली. नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणं शक्य नव्हतं. मग कंपनीनं सरळ खेळण्यांशिवायचा खोका विकला. आत एक चित्र, काही किरकोळ कागद आणि एक हमीपत्र, की हे भरून पाठवा, पुढच्या वर्षी बाहुल्या घरपोच येतील. लोकांनी पोरांना नाताळला ते पुठ्ठ्याचं पाकीट दिलं. आज ते पाकीट संग्राहकांना हवंहवंसं आहे. खोकेवादी म्हणतील, पाहा, आत काही नसतानाही खोक्याला किंमत आहे, मग असताना का नसावी? दाखला खरा आहे, पण तो उलट्या बाजूनं साक्ष देतो. ते पाकीट दुर्मीळ झालं कारण बहुतेकांनी ते फाडलं, हमीपत्र कापून पाठवलं आणि उरलेलं केरात टाकलं. पहिल्या लाटेतली खेळणीही त्याच कारणानं महाग आहेत, पोरांनी ती अंगणात पुरली, न्हाणीत बुडवली, कुत्र्याला चघळायला दिली. ते पाहून शहाणे झालेल्या मोठ्यांनी १९९०नंतरची खेळणी खोक्यासकट माळ्यावर चढवली, एकेकाचे चार-चार नग. आता सगळ्यांच्याच माळ्यावर ती कोरी आहेत, आणि म्हणून कुणालाच त्यांचे पैसे येत नाहीत. बियाण्याचं पोतं सगळ्या गावानं जपून ठेवलं तर पुढच्या वर्षी गावात बियाणं मुबलक असतं, फक्त धान नसतं.

आता वरच्या मजल्यावरचा पुरावा. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटातलं ‘एक्स-विंग’ जातीचं एक छोटं लढाऊ यान लिलावात ३१ लाख ३५ हजार डॉलरना गेलं. यान म्हणजे जेमतेम दोन फुटांची प्रतिकृती, ज्यावर कॅमेरा रोखून चित्रीकरण केलं ती. त्या वेळच्या दरानं हे सुमारे २६ कोटी रुपये होतात. २०२३-२४च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. म्हणजे त्या दोन फुटांच्या खेळण्यात सुमारे १ लाख १९ हजार क्विंटल धान बसतं, शंभर क्विंटलचा एक ट्रक धरला तर बाराशेच्या घरात ट्रक. तुमसरच्या रस्त्यावर ते एकामागे एक उभे केले तर शेवटच्या ट्रकवाल्याला पुढे काय चाललं आहे हे कळायला मुक्काम करावा लागेल. आणि या यानाचा खोका कुठे होता? होता, पण कसला? प्रतिकृती बनवण्यात नाव कमावलेल्या ग्रेग जाइन यांचं २०२२ साली निधन झालं, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये पुठ्ठ्याच्या एका साध्या खोक्यात, सामान फुटू नये म्हणून भरतात त्या थर्मोकोलच्या भरताडात ते सापडलं. ना मूळ पॅकिंग, ना प्रमाणपत्राची पेटी. डिंकानं चिकटवलेलं, रंगाचे फराटे मारून मुद्दाम मळवलेलं, कामावर राबलेलं. त्याआधी २००६ साली ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या एका मालिकेतलं एंटरप्राइझ नावाचं यान, चित्रीकरणात वापरलेलं, लिलावाला निघालं, तेव्हा जाणकारांचा अंदाज २५ ते ३५ हजार डॉलरचा होता आणि ते ५ लाख ७६ हजारांना गेलं. संग्राहकांच्या बाजारात जे सर्वांत महाग, ते सर्वांत जास्त हाताळलेलं. ज्या पंथाचा पहिला नियम ‘हात लावू नका’ असा आहे, त्या पंथाच्या देवांच्या मूर्ती हात लावून लावून झिजलेल्या आहेत.

इथे संग्राहक दुसरी फळी उभी करतो. तो म्हणतो, खोका सोडा, आम्ही सारखेपणा पाहतो. प्रतिकृती मुळाशी किती जुळते, रंगाची छटा तीच आहे का, खिडक्या तितक्याच आहेत का, हे शास्त्र आहे. बरं, मग मूळ पाहू. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइझ यानाची लांबी कथेत २८९ मीटर आहे. प्रत्यक्षात जे आहे ते सुमारे ११ फुटांचं, १९६४च्या अखेरीस बनलेलं, आणि ते बनलं आहे बऱ्याच अंशी लाकडाचं. पॉपलरचं लाकूड, थोडं प्लास्टिक, थोडा वळवलेला पत्रा. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत प्रसिद्ध अंतराळयानाला रंधा मारलेला आहे. मागच्या दोन लांबट नळकांड्यांच्या तोंडाशी जी तांबूस झळाळी फिरताना दिसते ती नाताळच्या झाडावर लावतात तसल्या दिव्यांची, मागे छोटी मोटर आणि आरशाचे तुकडे. आपल्याकडच्या गणपतीच्या मखराला याहून गुंतागुंतीचं वायरिंग असतं. आणि खरी गंमत पुढे आहे. हे यान एकाच बाजूनं पूर्ण आहे. दिव्यांच्या तारा डाव्या कुशीतून बाहेर काढल्या होत्या, कॅमेरा नेहमी उजवीकडे असणार होता, म्हणून डावीकडे ना धड खिडक्या, ना धड सजावट. संग्राहक भिंग लावून प्रतिकृतीच्या डाव्या बाजूच्या खिडक्या मोजतो तेव्हा तो कशाशी ताडून पाहतो हे विचारू नये. लग्नाच्या मांडवाची मागची बाजू तपासणारा पाहुणाही असाच असतो.

रंगाचंही तेच. मालिकेच्या मालक कंपनीनं हे यान १९७४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकलं. तिथे ते कधी टांगलं गेलं, कधी डागडुजी झाली, आणि पुढे बरीच वर्षं संग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात राहिलं, म्हणजे प्रतिकृती विकत होते तिथेच मूळही उभं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या डागडुजीत त्याच्या अंगावरच्या पुसट रेषा ठसठशीत झाल्या आणि चाहते असे खवळले की जणू कुणी विठोबाला पिवळा रंग दिला. २०१६ साली पुन्हा एकदा तज्ज्ञ बसले, क्ष-किरण काढले, पुढच्या तबकडीच्या वरच्या अंगावर मूळ रंग शिल्लक होता त्यावरून छटा ठरवली आणि यान मुख्य दालनात सन्मानानं बसवलं. पन्नास वर्षं ज्या करड्या रंगासाठी लोक भांडले, तो मुळात स्टुडिओच्या दिव्यांखाली, त्या काळच्या फिल्मवर आणि घरोघरच्या टीव्हीवर वेगवेगळा दिसत होता. दूरदर्शनवर तो इथे पोचला तेव्हा कित्येक घरांतले टीव्ही कृष्णधवल होते. तिथे सगळीच यानं करडी, कप्तानही करडा.

सारखेपणाच्या शास्त्राला शेवटचा खिळा खुद्द मालिकेनंच ठोकला आहे. १९६७ साली एका भागात एंटरप्राइझचं एक जुळं, मोडकळीला आलेलं यान हवं होतं. नवं बनवायला पैसे नव्हते. तेव्हा एएमटी कंपनीनं एंटरप्राइझचं जोडायचं प्लास्टिक खेळणं बाजारात आणलं होतं. ते घेतलं, इकडेतिकडे जाळलं-वाकवलं, आणि अंगावरचे आकडे चिकटवताना १७०१चे अंक हलवून १०१७ केले. झालं ‘कन्स्टेलेशन’ नावाचं नवं जहाज. आता त्या ‘कन्स्टेलेशन’ची संग्राह्य प्रतिकृती कुणी तपासायला आणली तर तिनं कुणासारखं असावं? खेळण्याचं मूळ यान, आणि त्या यानाचं मूळ खेळणं. ‘स्टार वॉर्स’वाल्यांची रीत तर याहून मोकळी. रणगाडे आणि विमानं यांच्या खेळण्यांतले सुटे तुकडे यानाच्या अंगावर चिकटवायचे की ते गुंतागुंतीचं यंत्र दिसतं. त्यातला कोणता तुकडा काय काम करतो, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तो पूर्वी रणगाड्याचा कान होता. राहता राहिलं प्रमाण. ईगलमॉसच्या मांडणीत तीन किलोमीटर लांब-रुंद-उंच असा बोर्ग नावाच्या शत्रूंचा ठोकळा, म्हणजे त्यांचं यान, आणि इतर जहाजं साधारण तळहाताएवढीच, कारण खोक्यांचा आकार त्या बेतानं ठरलेला. सगळ्या बैलांना एकच झूल बसली पाहिजे, मग बैल कापा. पण तुमसरकरांनी यावर फार हसू नये. मुंबई-हावडा मार्गावर ‘तुमसर रोड’ नावाचं जे जंक्शन आहे ते तुमसरात नसून देव्हाडीला आहे, आणि तिथे उतरून तुमसरला जायला पुन्हा वाहन लागतं. नाव आणि वस्तू तंतोतंत जुळलीच पाहिजेत असा आग्रह या तालुक्यात धरला तर गाडी चुकेल.

मग यान पारखायचं कशानं? धानाची दाढ इथे चालत नाही, यान चावून कळत नाही. मँगनीजची प्रयोगशाळाही नको, कारण टक्केवारी काढली तर ‘जस्त, प्लास्टिक आणि भाबडेपणा’ एवढंच निघेल. सुदैवानं विदर्भाकडे प्रतिकृती पारखण्याची तिसरी रीत आहे, आणि ती ‘स्टार ट्रेक’हून बरीच जुनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन येतात. ही प्रथा नागपूरच्या भोसल्यांकडे, दुसऱ्या रघुजींच्या काळात सुरू झाल्याचं सांगतात, साल १८०६. बहुधा सागवानाचा नंदी, खाली फळी, फळीला चाकं, पुढे दोरी. शिंगांना बेगड, शिंगांच्या टोकांना शेंब्या, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर बाशिंग, आणि घरात जे चकचकीत सापडेल ते सगळं. जुन्या बांगडीची काच, साडीची किनार, गेल्या दिवाळीतल्या माळेचे दिवे. रणगाड्याचे तुकडे यानाला चिकटवणाऱ्यांनी हा कारखाना पाहिला असता तर आपलं घराणं ओळखलं असतं. रांग लागते, परीक्षक फिरतात, उत्कृष्ट नंदीला आणि उत्कृष्ट वेशभूषेला बक्षीस मिळतं. मग पोरं नंदी ओढत दारोदार जातात, घरोघरी नंदीची पूजा होते आणि पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, पडतो.

या परीक्षकाचं काम नीट पाहण्यासारखं आहे. नंदीला चाकं का, असं तो विचारत नाही. खऱ्या बैलाला चाकं नसतात हे त्याला ठाऊक असतं, गावात जन्म गेलेला असतो. प्रमाण पाहत नाही, वीतभराचा नंदी आणि चार माणसांनी उचलून आणलेला नंदी एकाच रांगेत असतात. खोका मागत नाही. शिंग मोडून पुन्हा बसवलं असेल, आजोबांच्या वेळचा नंदी नातवानं रंगवून आणला असेल, तर गुण कापत नाही, उलट पाठीवरून हात फिरवतो. तो पाहतो ते एवढंच की या वर्षी यावर कुणाचा हात फिरला आहे, आणि हा ओढला तर चालतो का. दरवर्षी तोच नंदी नव्यानं स्पर्धेत उतरतो आणि नव्यानं तपासला जातो. ॲक्रिलिकच्या पेटीतला आकडा मात्र एकदा चिकटला की चिकटला. संग्राहकांच्या बाजारात सर्वांत महाग गेलेली यानं याच परीक्षकाच्या मापात बसतात. त्यांच्यावर कामाचा हात फिरलेला होता आणि ती चालवली गेली होती. फक्त लिलावगृहाला हे माप माहीत नव्हतं, म्हणून एंटरप्राइझच्या वेळी त्याचा अंदाज सोळा ते तेवीस पट चुकला.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की सिनेमातल्या कारागिराचा ओरखडा आणि शेजारच्या पोट्ट्याचा ओरखडा सारखा कसा? पहिल्याला २६ कोटी मिळतात, दुसऱ्याला धपाटा. हे पैशांच्या हिशेबात खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. माझा मुद्दा इतकाच की ओरखड्यानं किंमत उतरते हा सिद्धान्त दोघांना लावलेला होता आणि पहिल्या ठिकाणीच तो उताणा पडला. मग दुसऱ्या ठिकाणी तो लावायचा तर निदान ‘ओळखीचा ओरखडा चालतो’ असं स्पष्ट लिहावं, आपल्याकडे इतर कामांत ते अलिखित असतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नंदीमागे खरा बैल उभा आहे, यानामागे काही नाही, तेव्हा बैलाची मोकळीक यानाला देता येत नाही. गंमत अशी की हा आक्षेप दर हंगामात हलका होत चालला आहे. चिखलणी आता ट्रॅक्टरनं होते. बैलजोडी ठेवणं परवडत नाही म्हणून मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या विरळ होत आहेत, आणि तान्ह्या पोळ्याची रांग मात्र लांबते आहे. तुमसर शहरातल्या एखाद्या पोराला त्याचा नंदी कशासारखा आहे असं विचारलं तर तो मोबाइलमध्ये चित्र शोधून दाखवेल. त्याच्या लेखी वेसण, जू आणि यानाचं वॉर्प इंजिन ही एकाच अंतरावरची यंत्रं आहेत. मूळ मागे पडलं म्हणून नंदीचा मान कमी झाला नाही. मग मूळ मुळातच नव्हतं म्हणून यानाचा का व्हावा?

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. तान्हा पोळा तरी कुठे निर्मळ राहिला? सजावटीवर बाप पैसा ओततो, नंदीमागे धरणाचा देखावा उभा राहतो, कारंजं उडतं, एखाद्या योजनेचा फलक लागतो, आणि पोरगं बाजूला घामाघूम होऊन शिवाजी महाराजांच्या मिशा सांभाळत उभं असतं. हे आहेच. पण तिथेसुद्धा स्पर्धा संपल्यावर नंदी दोरीनं ओढत घरी न्यावा लागतो, आणि घरी पोचेपर्यंत धरण गळून पडतं. रस्त्यावरचे खड्डे हे परीक्षकांचं उरलेलं काम पूर्ण करतात. त्यासाठी नगरपालिकेचे आभार मानायला हरकत नाही.

तेव्हा यान रांगेत आणायला काहीच आडवं येत नाही. एंटरप्राइझकडे बैलाच्या डोळ्यानं पाहिलं तर ओळख पटते. पुढे मोठं तबकडीसारखं तोंड, त्याखाली मान, आणि तिला जाणकारसुद्धा मानच म्हणतात, मग पोट, आणि वर उठलेली दोन लांब शिंगं, टोकाला तांबूस. शिंगं मागे आहेत एवढाच फरक. कुणी विचारलंच तर पोट्टा सांगेल की बैल मागे वळून बघून राहिला. कासरा मानेला बांधता येतो. फळी सुताराकडे मिळते, चाकं जुन्या ट्रॅक्टरच्या खेळण्याची चालतील. शिंगांना बेगड, पोटाला घुंगरमाळ, तबकडीवर हळदीकुंकू, आणि तळाच्या कप्प्यात एकदाचे सेल, म्हणजे डोंगरीच्या मँगनीजचाही उजेड पडेल. परीक्षक समोरून पाहतील, गुण देतील किंवा देणार नाहीत. मग ते यान दोरीनं ओढत गल्लीतून निघेल, पहिल्या खड्ड्यात डाव्या कुशीवर पडेल, पोट्टा ते तसंच दहा-बारा पावलं फरफटत नेईल. उचलून पाहिलं तर डावीकडचा रंग गेलेला, खिडक्या पुसलेल्या, उजवी बाजू झकास. आणि तेव्हा ते यान, कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच, स्मिथसोनियनमधल्या मूळ यानाशी दोन्ही बाजूंनी जुळेल. समोरच्या घरातल्या बाईनं बोजारा दहा रुपये द्यायचा की वीस, हे तिनं ठरवावं.